रक्तातल्या पिवळ्या पाण्याचा भाव

माझी नात रूपा हिचं लग्न झालं ते साल दोन हजार एकवीस. हळद फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेला आणि लग्न दुसऱ्या दिवशी, आमच्या दिघाशीतच. परवानगी पन्नास माणसांची होती. लग्नाला पन्नासच माणसं होती, कारण तिथे पोलीस येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. हळदीला कोणी मोजलं नाही. आमच्याकडे लग्न चुकवलेल्याला माफी असते, हळद चुकवलेल्याला नसते. डीजे होता, कोंबडी होती, आणि माझा धाकटा मुलगा भूपेश तोंडाचा मास्क कपाळाला बांधून नाचत होता.

पुढच्या पंधरवड्यात त्या हळदीने गावातली अकरा घरं आडवी केली. आमच्या घरात सातच्या सात जण पडलो. कोणाला वास येईना, कोणाला चव लागेना. माझे मालक रघू तीन दिवस कडू काढा चहा समजून प्यायले आणि चौथ्या दिवशी म्हणाले, हल्ली तुझा चहा सुधारलाय. पण आमच्या आळीतलं एकही माणूस गेलं नाही. भिवंडीतून रोज वाईट बातम्या येत होत्या आणि आम्ही मार्चअखेरीला एकेक करून उठून बसलो. वाचल्याचीही एक नशा असते. ती मी आधी कधी चाखली नव्हती. त्या एप्रिलात आमचं घर कशावरही हसायचं. भांडं पडलं तरी हसायचं.

अशा घरात पंधरा एप्रिलला, गुरुवारी, कोन गावाहून मितेशचा फोन आला.

मितेश माझ्या नणंदेचा मुलगा. राहनाळच्या गोदामांना हमाल पुरवायचा. गोदामांची कामं अर्ध्यावर आली तेव्हा त्याने दुसरं काही पुरवायला घेतलं होतं.

"मामी, तुमच्या घरात बी पॉझिटिव्ह रक्ताचा कोन हाय?"

"कशाला पायजे?"

त्याने सांगितलं ते असं. भिवंडीत बाजारपेठेत जुनं घर आहे, तिथली माई नावाची बाई, अडुसष्ट वर्षांची, शाळेत शिकवून निवृत्त झालेली, कोरोनाने दवाखान्यात आहे. ऑक्सिजनवर आहे. डॉक्टरांनी प्लाझ्मा आणायला सांगितलाय, आणि दोन-तीन दिवसांत मिळाला तरच उपयोग, असं म्हटलंय. प्लाझ्मा म्हणजे रक्तातलं पिवळं पाणी. कोरोनातून उठलेल्या माणसाचं लागतं. मशीन रक्त ओढून घेतं, पाणी ठेवतं आणि रक्त परत अंगात सोडतं.

"रक्त परत देतात?" मी विचारलं.

"परत देतात."

"आनि पैसे?"

"पैसे पन देतात. पंधरा हजार बोललेत."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि घराला हाक मारली.

मितेश नियम सांगत गेला तसतशी माणसं गळत गेली. साठीच्या वरचं चालत नाही. मालक रागाने उठून ओटीवर गेले. साखरेची गोळी चालू असलेलं चालत नाही, म्हणजे माझा थोरला मुलगा पंढरी गेला. मूल झालेल्या बायकांचं चालत नाही, म्हणजे मी आणि थोरली सून. दोन्ही नातवंडं अठराच्या आतली.

"सात जनांना मिळून रोग झाला," मालक बाहेरून बोलले, "आनि रक्त एकाचंच चालतं. हा कुठला न्याय?"

राहिला भूपेश. वय तीस, वजन ऐंशी, गट बी पॉझिटिव्ह, आणि गोदामातलं काम गेल्यापासून दिवसभर मोकळा. त्या संध्याकाळी शेजारपाजारचे लोक त्याचा दंड बघायला आले. तो शर्यतीच्या बैलासारखा ओटीवर बसून मूठ वळून शीर दाखवत होता. कोणी म्हणालं, शीर जाड आहे, भाव चांगला येईल. आम्ही पोट धरून हसलो.

त्या हसण्यात निशा उभी होती. निशा म्हणजे आमचे भाऊबंद केसरीनाथ यांची मुलगी, बावीस वर्षांची, भिवंडीच्या कॉलेजात शिकणारी. हळदीनंतर तीही पडून उठली होती.

"काकी, माझा पन बी पॉझिटिव्ह हाय," ती म्हणाली. "कॉलेजच्या कॅम्पात कार्ड मिळालंय. मी देते. मना पैसे नको."

इथे माझ्या धंद्याविषयी सांगायला हवं. मी तीस वर्षं गवत विकलं. रानात कापायचं, भारे बांधायचे आणि भिवंडीकडच्या तबेल्यांना घालायचं. त्या धंद्याच्या दोन रीती मी सासूकडून शिकले. एक, आपल्या गिऱ्हाइकापुढे दुसऱ्याचा भारा उभा राहू द्यायचा नाही. दोन, पहिल्या दिवशी हो म्हणायचं नाही, सौदा एक रात्र शिळा होऊ द्यायचा. निशा फुकटचा भारा घेऊन माझ्या गिऱ्हाइकापुढे उभी राहिली होती.

"बायकांचं चालत न्हाय," मी म्हटलं. "मितेश बोलला ना आत्ता."

"मूल झालेल्या बायकांचं चालत न्हाय, काकी. मना कुठं मूल हाय?"

सगळे पुन्हा हसले. दारातले केसरीनाथ ओशाळले.

मी त्यांच्याकडे वळले. "लग्नाच्या पोरीला इस्पितळात सुया टोचून घ्यायला धाडनार? ह्या रोगाच्या दिवसांत? उद्या सोयरिकीला कोन येल तुमच्याकडं?"

केसरीनाथ म्हणाले, "निशा, घरी चल." ती गेली. तिचं बरोबर होतं हे मला बोलतानाच कळत होतं.

शुक्रवारी सकाळी माईंच्या मुलाचाच फोन आला. अनय त्याचं नाव, बँकेत नोकरीला. आवाज शाळेतल्या मुलासारखा स्वच्छ.

"आजी, मितेशने तुमचा नंबर दिला. तुमच्या मुलाचे फार उपकार होतील."

"उपकार ठीक हाय. पंधरात न्हाय जमायचं. पोरगा आत्ताच दुखन्यातून उठलाय."

"वीस देतो."

"आनि त्याची ताकत? दूध, अंडी?"

"पंचवीस चालतील?"

तो घासाघीस करत नव्हता. गिऱ्हाईक घासाघीस करत नाही तेव्हा समजायचं की त्याच्या गोठ्यात जनावर उपाशी आहे. मला ते समजलं. मी म्हटलं, "घरात विचारते, उद्या सांगते." फोन ठेवला आणि भूपेशला डोळा मारला. मालक ओटीवरून म्हणाले, "माझं साठीच्या आत असतं तर मी पन्नासला गेलो असतो."

शनिवारी पस्तीस हजारांवर सौदा ठरला. अर्धे आधी, अर्धे काम झाल्यावर.

रविवारी अठरा तारखेला सकाळी दहाला अनयची गाडी अंगणात आली. चाळिशीचा बारीक माणूस, तोंडावर दोन मास्क. पाकीट त्याने दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं, प्रसाद द्यावा तसं. मी पहाटेपासून चुलीपुढे होते. आमच्यात कोणी मोठ्या कामाला निघालं की त्याला कोरड्या तोंडी धाडत नाहीत, आणि भूपेशएवढं मोठं काम घराण्यात कोणी केलं नव्हतं. वडे तळले होते, मटण शिजलं होतं, वर बोटभर तवंग होता.

"आजी," अनय म्हणाला, "रक्तपेढीतून सांगितलंय, हलकं काहीतरी खाऊन यायचं. तेलकट नको म्हणाले."

"हलकं खाऊन कोनाचं रक्त वाढलंय?"

बायका हसल्या. त्याचेही मास्क हलले, म्हणजे तोही हसला असणार.

"बसा तुमी. तुमाला डाळभात वाढते."

"नको, मी इथेच बरा आहे."

तो आंब्याखाली उभा राहिला. भूपेश पाटावर बसला. एक वाटी संपली, दुसरी वाढली. अनयने घड्याळ पाहिलं आणि मी पाहते आहे हे दिसल्यावर तो हात पाठीमागे नेला. तीस वर्षांत मला ओरडणारी गिऱ्हाइकं पुष्कळ भेटली. पैसे मोजून वर हात लपवणारा हा पहिलाच. तरी मी भूपेशला तिसरी वाटी वाढली.

गाडीत मीही बसले. कल्याणकडची एक रक्तपेढी होती. मितेशने पढवून ठेवलं होतं की पैशाचं नाव काढायचं नाही, रक्त विकणं गुन्हा आहे, मावसभाऊ म्हणून सांगायचं. टेबलामागे एक बाई फॉर्म भरून घेत होत्या.

"पेशंटचं नातं?"

"मावसभाऊ," भूपेश म्हणाला.

बाईंनी एकदा भूपेशकडे पाहिलं, एकदा अनयकडे. "म्हणजे दोघांच्या आया बहिणी. आणि आजी, तुम्ही कोण?"

"ह्याची आय."

"मग पेशंट तुमची बहीण. थोरली की धाकटी?"

"थोरली," मी म्हटलं आणि त्याच क्षणी अनय म्हणाला, "धाकटी."

भूपेशला ठसका लागला. बाईंनी मान वर न करता काहीतरी लिहिलं. त्या महिन्यात तालुक्यातले सगळेच मावसभाऊ त्यांच्यासमोर येऊन गेले असतील.

मग फॉर्म सहीसाठी आमच्याकडे आला. अक्षरं मला साठीच्या जवळ आल्यावर ओळखायला आली, म्हणून मी हळू वाचते आणि शब्द सुटत नाही. त्यात एक ओळ होती, मी हे दान माझ्या इच्छेने आणि कोणताही मोबदला न घेता करत आहे. पाकीट माझ्या चोळीत होतं. भूपेशने खाली सही ठोकली.

बाईंनी विचारलं, "कावीळ झाली होती कधी?"

"न्हाय," भूपेश म्हणाला.

पंधराव्या वर्षी त्याला कावीळ झाली होती. पडघ्याला वैदूकडे मीच त्याला घेऊन जायचे, डोळे हळदीसारखे झाले होते. मी भिंतीवरच्या पंख्याकडे पाहत राहिले. पैसे मिळणार नसते तर तो हो म्हणाला असता, त्याला लपवायचं काय होतं? आणि हो म्हटल्यावर त्यांनी नको म्हटलं असतं तर आम्ही घरी येऊन जेवलो असतो. पस्तीस हजारांनी त्याच्या तोंडून न्हाय वदवलं. तपासणीत रोग सापडतो म्हणतात. पण न सापडता ते पाणी त्या बाईच्या अंगात गेलं तर, हे मला पंख्याकडे बघताना सुचलं आणि मी तोंड उघडलं नाही.

नमुना तपासून झाला. त्या दिवशी गर्दी इतकी होती की कोणालाच धड बघायला वेळ नव्हता. भूपेशला खुर्चीवर आडवं केलं. मला काचेबाहेर बसवलं होतं, पण मी दार लोटून आत गेले. मशीन घरघरत होतं. नळीतून रक्त जायचं, थांबायचं, परत यायचं.

"आय, ओठांना मुंग्या येतात," भूपेश म्हणाला.

मशीनवरच्या दादांनी त्याला चघळायला गोळ्या दिल्या. म्हणाले, रक्तात औषध जातं, त्याने कॅल्शियम उतरतं, घाबरू नका, कोणाकोणाला चक्करही येते. मितेश हे काही बोलला नव्हता. आम्हीही विचारलं नव्हतं. आम्ही फक्त भाव विचारला होता.

मग त्या दादांनी वर टांगलेल्या पिशवीकडे पाहिलं आणि मशीनचं बटण दाबलं. घरघर थांबली.

पाणी पिवळं नव्हतं. तांदळाच्या पेजेसारखं पांढरं होतं, दाट.

"काय जेवून आलात?"

"मटन-वडे," भूपेश अजून अभिमानात होता. "तीन वाट्या."

दादांनी अनयला आत बोलावलं. ही सगळी चरबी आहे, म्हणाले. तेलकट जेवण पाण्यात उतरतं. हे कोणाला देता येत नाही, फेकावं लागेल. आणि याचं पुन्हा पंधरा दिवस घेता येणार नाही.

अनयने पिशवीकडे बघत विचारलं, "थोडंसं तरी? वरचं वरचं?"

मला हसू आलं. जे खरं आहे ते लिहिते. महिनाभर घरात जे हसू भरलं होतं ते त्या खोलीत उसळून वर आलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. भूपेश घाबरून "आय, आय" करत होता. अनयला आधी वाटलं मी रडते आहे. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मग त्याला कळलं आणि त्याने हात काढून घेतला.

परतीच्या वाटेवर कोन गाव मागे पडल्यावर मी म्हटलं, "अजून एक हाय."

"किती?" अनयने विचारलं.

"फुकट."

त्याने गाडी हळू केली. "आजी, ही व्यक्ती केव्हापासून आहे?"

"गुरुवारपासून."

त्याने गाडीचा वेग वाढवला आणि दिघाशीपर्यंत रस्त्यावरून नजर काढली नाही.

केसरीनाथ अंगणात खाट टाकून बसले होते. मी चपला काढून हात जोडले. मी लग्न होऊन ह्या आळीत आले तेव्हा ते पाळण्यात होते.

"निशाला धाडा," मी म्हटलं. "माझी चूक झाली."

"लग्नाच्या पोरीला सुया टोचून घ्यायला?" ते म्हणाले. "आनि सोयरिकीला कोन येल, वैनी?"

"मी आनीन सोयरीक. मी पायाला भिंगरी लावून फिरेन."

"भाव काय हाय तिचा?"

ते आणखी बोलले असते, आणि बोलायला हवं होतं. पण निशा कार्ड आणि ओढणी घेऊन बाहेर आलीच.

"बाबा, मग भांडा सावकाश. काकी कुठं पळून जात न्हाय," ती म्हणाली, आणि अनयला, "दादा, मी दुपारी नुसता वरनभात खाल्लाय. आत्ताच निघूया का?"

त्या संध्याकाळी तिचा नमुना घेतला. रात्री तिने भाजी-भाकरी खाल्ली. मी पाठवलेलं कालवण तिच्या आईने दारातूनच परत धाडलं. सोमवारी सकाळी तिचा प्लाझ्मा घेतला. फॉर्मवरच्या बाईंनी नातं विचारलं तेव्हा निशा म्हणाली, नातं काही नाही, ओळखही काल झाली. बाईंनी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं आणि तिला पाणी हवं का विचारलं. पिशवीत पाणी उतरलं ते उन्हात धरलेल्या गोडेतेलासारखं, पिवळंधमक. निशाने पिशवीचा फोटो काढून गावातल्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, बघा, बिनतवंगाचं.

दुपारी पिशवी दवाखान्यात पोहोचली. संध्याकाळी अनयचा निशाला फोन आला, की ऑक्सिजनचा आकडा दोनने वर गेलाय. आमची आळी पुन्हा वेडी झाली. मालक म्हणाले, आपल्या भाऊबंदकीचं पानी हाय, दोनने काय, दहाने चढेल. कोणी पेढे आणले. भूपेश सगळ्यांना वाटत फिरला, जणू त्याचंच होतं. केसरीनाथांनी माझ्या हातचा पेढा घेतला, खाल्ला नाही, पण घेतला. मीही हसले. त्या दिवशी मला वाटलं, सगळं फिटलं.

मंगळवारी मी भूपेशला घेऊन भिवंडीला गेले आणि अनयच्या दारात पाकीट परत केलं. तो नको म्हणेल असं मला वाटलं होतं. त्याने घेतलं. आत या म्हणाला नाही. दार लावताना एवढंच म्हणाला, "निशाला सांगा, माईंनी तिचं नाव विचारलं."

बुधवारी आकडा खाली आला.

मे महिन्यात निशाने मला फोनवरची बातमी वाचून दाखवली. सरकारने कोरोनाच्या उपचारातून प्लाझ्मा काढून टाकला होता, त्याने माणूस वाचत नाही असं आढळलं म्हणून. म्हणजे गुरुवारी दिला असता तरी फरक पडला नसता, मी म्हटलं. निशा म्हणाली, "काकी, गुरुवारी ते आपल्याला म्हायीत नव्हतं." मग ती तिच्या कामाला गेली. तिचं लग्न पुढच्या वर्षी झालं. सोयरीक मी आणली नव्हती, ती आपसूक आली. भूपेश राहनाळला परत कामावर लागला. मितेश अजूनही काहीतरी पुरवतो, आमच्याकडे फोन करत नाही.

माई गुरुवारी, बावीस एप्रिल दोन हजार एकवीस रोजी, सकाळी सव्वाआठला दवाखान्यात वारल्या.